इंजिन बदललेल्या जुन्या मोटारगाडीचे मंदगतीतील अतितापन : कारणमीमांसा व उपाययोजना

सारांश : जुन्या मोटारगाडीत दुसरे, अधिक क्षमतेचे इंजिन बसविल्यानंतर गाडी रस्त्यावर धावताना थंड राहते, परंतु सिग्नलला उभी राहताच तापू लागते, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. प्रस्तुत लेखात या दोषाची उष्मागतिकीय कारणे तपासून, मोठा रेडिएटर बसविण्यापूर्वी हवेचा मार्ग तपासणे का आवश्यक आहे, याचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणारी अॅम्बेसेडर ही गाडी मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवर आधारित होती. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. प्रदीर्घ काळ तिच्यात १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी इसुझूच्या आराखड्याचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले. जुन्या गाडीत हे किंवा असेच नवे इंजिन बसविताना सांगाडा, रेडिएटर, पंखा आणि वायरिंग मात्र पुष्कळदा जुन्या इंजिनाच्या हिशेबाचेच राहते. मंदगतीतील, म्हणजेच आयडलिंगच्या अवस्थेतील, अतितापनाचे मूळ बहुधा या विसंगतीत असते. याकडे दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे येथपर्यंत हानी होते.

उष्णतेचा ताळेबंद

मंदगतीत इंजिन ताशी सुमारे १ लिटर पेट्रोल जाळते असे मानू. १ लिटर पेट्रोलमधून साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे सरासरी सुमारे ९ किलोवॅट. यापैकी ठोकळमानाने एक तृतीयांश, म्हणजे ३ किलोवॅट, शीतक पाण्यात उतरते. ४० अंश सेल्सिअसची हवा रेडिएटरमधून ७० अंशांची होऊन बाहेर पडते असे धरल्यास, ही उष्णता वाहून नेण्यास सेकंदाला केवळ ०.१ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ९० लिटर हवा पुरते. सुस्थितीतील कोणत्याही पंख्याला हे काम अवघड नाही.

मग गाडी तापते का? कारण पंख्याने हलविलेली हवा आणि रेडिएटरच्या जाळीतून प्रत्यक्ष गेलेली हवा या दोन भिन्न गोष्टी होत. गाडी धावत असताना समोरील हवेचा दाबच हवा जाळीतून ढकलतो. गाडी उभी असताना ते साहाय्य संपते, आणि पंख्याच्या मांडणीतील प्रत्येक उणीव उघडी पडते.

हवेच्या मार्गातील दोष

नवे इंजिन जुन्या इंजिनाच्या तुलनेत मागे किंवा पुढे बसते. त्यामुळे पंखा आणि रेडिएटर यांतील अंतर बदलते. पंख्याभोवतीचे आवरण, ज्याला श्राउड म्हणतात, जागा होत नाही म्हणून कापले किंवा काढूनच टाकले जाते. आवरणाविना पंखा जाळीच्या मध्यभागातूनच हवा ओढतो. कोपरे जवळजवळ निष्क्रिय राहतात.

याहून गंभीर दोष पुनरभिसरणाचा. रेडिएटरच्या बाजूंना व खाली फटी राहिल्यास इंजिनकक्षातील तप्त हवा त्यांतून पुन्हा पुढे येते व जाळीत शिरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा ४० अंशांवर असता ५० अंशांचा तापमानफरक उपलब्ध असतो; तीच हवा ७० अंशांची झाली तर फरक अवघा २० अंश उरतो. हवेचा प्रवाह तेवढाच असला तरी उष्णताविसर्ग दोन पंचमांशांवर येतो. अशा वेळी मोठा रेडिएटरही मर्यादितच उपयोगी ठरतो; रबराच्या पट्ट्या व पत्रा लावून फटी बंद करणे अधिक परिणामकारक ठरते. वातानुकूलन यंत्र जोडले असल्यास त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे उष्णता सोडत असतो, हेही ध्यानात घ्यावे.

विद्युत पंखा बसविला असल्यास तो योग्य दिशेने फिरतो काय, हे प्रथम पाहावे; तारा उलट जोडल्यास पंखा उलट फिरतो. जुनी वायरिंग बारीक असल्यास, अथवा जुना डायनॅमो कायम ठेवला असल्यास, मंदगतीत पंख्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. म्हणून इंजिन चालू असताना पंख्याच्या टोकांवरच व्होल्टेज मोजावे.

पाण्याच्या मार्गातील दोष

येथे एक सोपी कसोटी उपयोगी पडते. मंदगतीत रेडिएटरच्या वरच्या व खालच्या नळ्यांचे तापमान मोजावे. मिनिटाला १० लिटर पाणी फिरत असेल तर ३ किलोवॅट उष्णतेसाठी हा फरक सुमारे ४ अंश येतो. फरक अल्प असूनही तापमान चढत असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूस असतो. फरक फार मोठा असेल तर पाणी संथ फिरत आहे असे समजावे. पुलीचा व्यास बदलणे, पट्टा सैल असणे, पंप विरुद्ध दिशेने फिरणे ही त्याची संभाव्य कारणे होत. इंजिनाचे हेड रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच राहिल्यास हवेचे बुडबुडे अडकतात. त्यासाठी उंचावर स्वतंत्र भरणटाकी द्यावी लागते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा गॅरेजमधील प्रचलित उपाय शास्त्रीय नव्हे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच पोटमार्ग बंद करतो. तो काढल्यास बरेच पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात जाते आणि तापन वाढते.

अन्य कारणे

नव्या इंजिनाचा तापमान संवेदक आणि जुना मापक यांचा मेळ नसल्यास मापक खोटे तापन दाखवितो. म्हणून स्वतंत्र तापमापकाने खातरजमा करावी. मंदगतीत ठिणगी उशिरा पडल्यास ज्वलन लांबते व निष्कास मार्गाभोवतीच्या पाण्यात अधिक उष्णता उतरते. तप्त रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाब अकस्मात उतरल्याने पाणी उसळून भाजण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

गाडी धावताना तापते की उभी असताना, हा प्रश्न निदानाचा आरंभबिंदू होय. केवळ उभी असताना तापणाऱ्या गाडीत प्रथम मापक, मग पंखा, आवरण व फटी, त्यानंतर पाण्याचा प्रवाह व ठिणगीची वेळ, आणि सर्वांत शेवटी रेडिएटरची क्षमता, असा तपासणीचा क्रम असावा. हा क्रम खर्चाच्याही चढत्या क्रमाशी बहुतांशी जुळतो. उष्णता संक्रमणाचे समीकरण फळ्यावर मांडणाऱ्या अध्यापकास हा प्रश्न प्रात्यक्षिकासाठी घेता येईल. एक तापमापक, एक व्होल्टमापक आणि एक उभी गाडी एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. इंजिन बदलासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक असते, याचेही विस्मरण होऊ नये.