*कपाशीचा लाल-हिरवा नकाशा: आमची चूक, दुरुस्ती आणि नकाशा कसा वाचायचा*



गेल्या सोमवारी पाठवलेल्या उपग्रह नकाशात काही प्लॉट चुकून लाल दिसले. तो लाल रंग पाहून काहींनी युरिया आणला. *आणला असेल, पण टाकला नसेल तर आधी थांबा.* टाकून झाला असेल तर शेवटचा मुद्दा नक्की वाचा.

*नकाशा येतो कुठून?*
युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून साधारण दर ५ दिवसांनी आपल्या शिवाराचं चित्र घेतात. ते चित्र फुकट मिळतं. आपल्या ऑफिसात क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर आपण त्याचा नकाशा करतो.

हे चित्र म्हणजे आलेखाच्या वहीसारखी चौकोनांची जाळी. संगणकाच्या भाषेत याला रास्टर म्हणतात. प्रत्येक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास *एक गुंठा*. एक एकर म्हणजे साधारण ४० चौकोन, आणि प्रत्येकात एक आकडा.

हिरवं पान लाल उजेड खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोन उजेडांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो. उघड्या जमिनीचा आकडा कमी, दाट पिकाचा जास्त. या टप्प्यातल्या कपाशीसाठी आपण ०.५० च्या खालचा प्लॉट लाल दाखवतो.

*चूक कुठे झाली?*
त्या दिवशी आभाळ अर्धवट होतं. ढगाखालचे चौकोन उपग्रहाला दिसत नाहीत, म्हणून ते गाळावे लागतात. आमच्याकडून ते गाळले न जाता त्यांच्या जागी शून्य पडलं.

समजा डेअरीत चारपैकी एक दिवस तुम्ही दूध घातलंच नाही. त्या दिवसाचं फॅट शून्य धरून सरासरी काढली तर ती पडणारच. गाय तीच, दूध तेच. इथेही तसंच झालं:

- एका एकराचे ४० चौकोन, त्यातले १० ढगाखाली.
- दिसलेल्या ३० चौकोनांचा आकडा ०.६४, म्हणजे चांगलं पीक.
- खरी सरासरी ०.६४. शून्य धरून निघालेली सरासरी ०.४८.

प्लॉट हिरव्याचा लाल झाला तो असा. पिकाला काही झालं नव्हतं.

*आता काय बदललं?*
१) ढग आणि ढगाची सावली असलेले चौकोन मोजणीतून पूर्ण बाहेर.
२) प्रत्येक प्लॉटसमोर *किती चौकोन दिसले* ते लिहिलेलं असेल. निम्म्यापेक्षा कमी दिसले तर प्लॉट राखाडी. राखाडी म्हणजे "दिसलं नाही", "खराब" नव्हे.
३) बांधालगतचे १० मीटर सोडून आतलंच पीक मोजू. काठाच्या चौकोनात बांधावरची बाभळ, रस्ता, शेजाऱ्याचं पीक असं सगळं मिसळतं. त्यामुळे चौकोनी एकरातले साधारण १९ गुंठेच मोजले जातील. ३० मीटरपेक्षा (सुमारे १०० फूट) अरुंद पट्ट्यांना रंग देणार नाही. तिथे आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुरुस्त नकाशा आज संध्याकाळी ग्रुपवर येईल. *जुना डिलीट करा, पुढे पाठवू नका.*

*नकाशा बरोबर असला तरी एवढं लक्षात ठेवा*
- उपग्रहाला हिरवं दिसतं, कपाशी ओळखता येत नाही. तण माजलेला प्लॉटही हिरवागार दिसतो.
- लाल रंग कारण सांगत नाही. पाणी साचलं, नांग्या पडल्या, उशिरा लावण झाली, कीड आली किंवा खत कमी पडलं, रंग एकच.
- म्हणून खर्च करण्याआधी फेरी मारा. प्लॉटच्या लाल भागात पाच ठिकाणी आणि हिरव्या भागात पाच ठिकाणी थांबा. पान उलटून पाहा, बुडाशी पाणी आहे का बघा, झाडं मोजा. दोन्हीकडचे फोटो ग्रुपवर टाका.
- पंचनाम्यात किंवा विम्याच्या कामात हा नकाशा पुरावा म्हणून दाखवू नका. तो फक्त आपल्या पाहणीसाठी आहे.

*क्यूजीआयएस शिकणाऱ्या मुलामुलींसाठी*
ढगाच्या मास्कने (० आणि १) एनडीव्हीआयला गुणू नका. शून्य तिथूनच येतं. ढगाच्या चौकोनांना -९९९९ द्या आणि "ट्रान्सलेट" मध्ये तोच आकडा नोडेटा म्हणून नोंदवा. मग "झोनल स्टॅटिस्टिक्स" ते चौकोन सोडून देतं. सरासरीबरोबर "काउंट" ही काढा, तो पाहिला असता तर आमची चूक त्याच दिवशी कळली असती. बांध वगळायला "बफर" मध्ये -१० मीटर द्या. त्याआधी प्लॉटचा नकाशा मीटरच्या प्रणालीत आहे ना ते तपासा.

*आज शेतात काय करायचं?*
- *युरिया टाकला नसेल तर:* आधी फेरी मारा. पाणी साचून पीक पिवळं पडलं असेल तर चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत खत नको.
- *युरिया टाकला असेल तर:* घाबरू नका, पण कोवळी वाढ जास्त झाली की मावा, तुडतुडे येतात. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा. नत्राचा पुढचा हप्ता आपल्या कृषी सल्लागाराशी बोलूनच द्या.

चूक आमची होती, त्याबद्दल माफी. तुमच्या प्लॉटचा रंग आणि प्रत्यक्ष पीक जुळत नसेल तर गट नंबर आणि फोटो पाठवा. लिहायला वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग