छातीत कळ आली तर पेशंटला न्यायचं कुठं? हे आधीच ठरवून ठेवा

रात्री छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, सोडा घ्या. मग पहाटे गाडी काढायची आणि या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचं. यातच वेळ जातो.

तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात यावर एक प्रयोग झाला. चार मोठ्या हार्टच्या रुग्णालयांना भोवतालचे ३५ छोटे दवाखाने जोडले. पेशंटचा ईसीजी छोट्या ठिकाणीच काढायचा, तो लगेच मोठ्या डॉक्टरांना पाठवायचा, गरज पडली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन ॲम्ब्युलन्सनं पुढं न्यायचं. ॲटॅकनंतर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे शंभरामागे तीन जण जास्त वाचले.

हृदयच बंद पडलं तर मात्र गोष्ट वेगळी. माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही, अशा वेळी १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. हृदय पुन्हा सुरू झालं, तरी पुढं आयसीयू आणि चोवीस तास चालणारी कॅथलॅब असलेलं रुग्णालय लागतं.

म्हणून आजच चौकशी करा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो का? जवळची कॅथलॅब कुठं आहे? नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ऐन वेळी शोधायला सवड नसते.