घरच्या सुतारकामात भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

प्रतिनिधी

कौलारू घरात सकाळी छपरातून कवडसा उतरतो, तेव्हा त्या उजेडाच्या पट्ट्यात असंख्य कण तरंगताना दिसतात. कवडसा सरकला की ते दिसेनासे होतात. हवेत मात्र असतातच. घरातल्या घरात लाकूडकाम करणाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ याच जातीची आहे. रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या आणि करवतीखाली साचणारा भुसा झाडूने गोळा करता येतो. त्याने पसारा होतो, अपाय फारसा होत नाही. अपाय करते ती न दिसणारी धूळ, आणि घरगुती कार्यशाळेत धूळ ओढणारी यंत्रणा बसवताना नेमका तिचाच विसर पडतो.

घर आणि कार्यशाळा एकाच छपराखाली असणे आपल्याकडे नवे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांचे काम पिढ्यान् पिढ्या घरातूनच चालत आले. शहरांत २०२०च्या टाळेबंदीनंतर हौसेने सुतारकाम करणाऱ्यांची भर पडली. गच्चीवरची खोली, बंगल्याचे गॅरेज, एखाद्या सदनिकेची बंद केलेली बाल्कनी अशा जागी टेबल सॉ, सँडर, छोटा लेथ येऊन बसला. ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर लाकूड तासले, त्यांना काही झाले नाही,’ असा युक्तिवाद या संदर्भात हमखास ऐकू येतो. पण आजोबांच्या हातात रंधा आणि पटाशी होती. धारदार रंधा लाकडाची साल काढावी तशी ढलपी काढतो. मिनिटाला हजारो फेरे घेणारे सँडर तेच लाकूड अक्षरशः दळते. पिठाच्या गिरणीत भिंती, वायरी, कोळ्याची जाळी सगळे पांढरे झालेले असते. सँडर चालणाऱ्या खोलीचे तसेच होते, रंग तेवढा वेगळा.

कणांच्या आकाराचा हिशेब येथे समजून घ्यायला हवा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण १०० मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासाबरोबर नाकातोंडात शिरू शकतात. १० मायक्रॉनच्या आतले घशाखाली उतरतात आणि चार मायक्रॉनच्या आसपासचे व त्याहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे १२ तास लागू शकतात. म्हणजे संध्याकाळी काम आटोपून मास्क काढून ठेवला, दार उघडून मुले आत आली, तेव्हाही दिवसभराची बारीक धूळ हवेतच असते. सकाळी झाडू मारला की खाली बसलेलीही पुन्हा वर येते.

या धुळीचे गांभीर्य वैद्यकशास्त्राच्या ध्यानात आले ते इंग्लंडमधील हाय विकम या गावामुळे. हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्याकडे नाकाच्या पोकळीतील एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण येत आणि त्यांत फर्निचर कामगारांचे प्रमाण लक्षणीय होते. डोनाल्ड अ‍ॅचिसन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी याचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅम इतकी आहे. साखरेचा एक बारीक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती कडक आहे याची कल्पना येईल.

हा आजार प्रामुख्याने दशकानुदशके कारखान्यात काम केलेल्यांत आढळला, हेही सांगितले पाहिजे. रविवारी दोन तास काम करणाऱ्या हौशी माणसाने धास्तावून जाण्याचे कारण नाही. मात्र दमा, सततची सर्दी, डोळ्यांची आग आणि त्वचेवरील पुरळ यांना दशके लागत नाहीत. साग आणि शिसम ही आपली लाडकी लाकडे त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी ओळखली जातात. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनही असते. आणि ज्याचे घरच कार्यशाळा आहे, त्याच्याबरोबर तीच हवा घरातले सगळे घेतात. त्यांनी मास्क लावलेला नसतो.

आपल्याकडील १९४८च्या कारखाना कायद्यात चौदाव्या कलमाने एक सूत्र घालून दिले होते: धूळ ओढणारे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ असावे. विजेवर चालणाऱ्या आणि दहा कामगार असलेल्या कारखान्यांसाठी तो कायदा होता. घरच्या ओसरीचा त्याच्याशी संबंध आला नाही. सूत्र मात्र घरालाही तंतोतंत लागू पडते. हवेत पसरलेली धूळ गाळत बसण्यापेक्षा ती पसरण्याआधीच पकडणे स्वस्त पडते आणि परिणामकारकही ठरते. छताला टांगायचे हवा गाळणारे यंत्र अनेक जण आधी विकत घेतात. त्याचा उपयोग आहे, पण दुय्यम. खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत ती काम करणाऱ्याच्या नाकातून गेलेली असते.

यंत्रणा निवडताना सर्वांत मोठा घोटाळा ‘ओढ’ या शब्दाचा होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोरात ओढतो, पण हवा थोडी ओढतो. निमुळत्या नळीने सरबत प्यावे तसे. डस्ट कलेक्टरचा ब्लोअर जोर कमी लावतो, पण हवेचा लोंढाच ओढून घेतो. सँडर, राउटर अशा हाती धरायच्या अवजारांना धूळ बाहेर पडण्याचे तोंड लहान असते, तेथे व्हॅक्यूम क्लीनर उत्तम. टेबल सॉ किंवा रंधा मशीनला तो पुरत नाही, कारण तेथे पाते स्वतःच पंख्यासारखी हवा फेकत असते. फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवा ओढली गेली, तरच धूळ हाती लागते.

भुसा नळातून न साचता वाहून जायचा, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या सांडपाण्याच्या ११० मिलिमीटर पीव्हीसी नळातून या वेगाने मिनिटाला जेमतेम साडेतीनशे घनफूट हवा जाते. १६० मिलिमीटरच्या नळातून साडेसातशेहून अधिक. व्यास दीडपट झाला की हवा दुपटीहून जास्त, हे गणित ज्यांनी ध्यानात घेतले नाही त्यांनी मोठी मोटर घेऊन तिच्यापुढे बारीक नळ जोडलेला दिसतो. उलट चूकही होते. एक अश्वशक्तीच्या ब्लोअरला १६० मिलिमीटरचा लांबलचक नळ जोडला, तर वेग पडतो आणि आडव्या नळात भुशाचा गाळ बसत जातो. लहान खोलीत एक अश्वशक्तीचा ब्लोअर, ११० मिलिमीटरचा आखूड नळ आणि एका वेळी एकच यंत्र ही मांडणी निभावते. मोठा नळ हवा असेल, तर दोन अश्वशक्ती किंवा त्याहून अधिक ताकद लागेल. ब्लोअरच्या जाहिरातीत छापलेला हवेचा आकडा बहुधा नळ न जोडता मोजलेला असतो. नळ, वळणे आणि गाळणी जोडल्यावर तो अर्ध्यावरही येऊ शकतो.

म्हणून वळणे कमी हवीत. काटकोनी एल्बो एक लावण्याऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे जोडावेत आणि फाट्यासाठी ‘टी’ऐवजी ‘वाय’ वापरावा. वळ्यावळ्यांची लवचिक नळी दिसायला सोयीची, पण गुळगुळीत नळाच्या दोन-तीन पट अडथळा करते. यंत्राजवळच्या हात-दोन हात अंतरापुरतीच ती ठेवावी. प्रत्येक फाट्यावर सरकती झडप हवी, म्हणजे चालू यंत्राकडेच सगळी ओढ जाते. ही झडप प्लायच्या तुकड्यांतून घरी करता येते आणि सुतारकाम करणाऱ्याला ती विकत घेण्याचे कारण नाही. सांधे कायमचे चिकटवू नयेत. कधी ना कधी नळ तुंबतोच आणि तेव्हा तो उघडावा लागतो.

ब्लोअरच्या आधी सायक्लोन बसवला, तर हवा त्यात गोल फिरते, जड भुसा भिंतीला लागून खालच्या पिंपात पडतो आणि थोडीच धूळ पुढे जाते. पिंप हवाबंद नसेल तर मात्र हाच भुसा पुन्हा वर ओढला जातो. खरी परीक्षा पुढच्या गाळणीची. स्वस्त यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी ३० मायक्रॉनची असू शकते. तशी पिशवी भुसा अडवते आणि छातीत जाणारी धूळ वेगाने खोलीभर उडवते. मग यंत्रणेमुळे खोली स्वच्छ दिसते आणि हवा अधिक बिघडते. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी घ्यायची नसेल, तर अशी हवा खोलीत परत सोडूच नये.

येथे आपले हवामान मदतीला येते. थंड देशांत कार्यशाळेतील तापवलेली हवा बाहेर फेकणे परवडत नाही, म्हणून तेथे महागड्या गाळण्यांवर भर असतो. कोकणात किंवा पुण्यात ती अडचण नाही. ब्लोअर मागच्या पडवीत ठेवून, सायक्लोनमधून आलेली हवा थेट उघड्यावर सोडता येते. त्याने खोलीतला आवाजही घटतो. अर्थात शेजाऱ्याची खिडकी त्या दिशेला असता कामा नये. दाट वस्तीत किंवा सदनिकेत हा मार्ग बंदच समजावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत बाराशे घनफूट हवा मावते. मिनिटाला सातशे घनफूट बाहेर काढणारा ब्लोअर ती दोन मिनिटांच्या आत उपसतो. तितकीच हवा आत यायला खिडकी उघडी हवी. ती नसेल, तर हवा घरातल्या मिळेल त्या फटीतून येते आणि त्याच मजल्यावर गॅस गिझर चालू असेल, तर त्याचा विषारी धूर बाहेर जायच्या ऐवजी आत ओढला जाऊ शकतो.

विजेचे गणितही आधी करावे. दोन अश्वशक्तीची मोटर १० अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेते, टेबल सॉ आणखी आठ. दोन्ही १६ अ‍ॅम्पिअरच्या एकाच सॉकेटवरून चालवण्याचा प्रयत्न एमसीबी तरी पाडतो, नाही तर वायर तापवतो. ब्लोअरला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग द्यावे.

यंत्रागणिक अडचण निराळी. स्वस्त टेबल सॉ खालून उघडे असते. त्याला प्लायची पेटी करून नळ जोडला की निम्मे काम होते, उरलेली धूळ पात्याच्या वरच्या बाजूने थेट तोंडावर येते. तिला वरूनही तोंड द्यावे लागते. सँडर व्हॅक्यूमला जोडल्याशिवाय सुरूच करू नये. लेथ सर्वांत हट्टी: धूळ चहूकडे उडते आणि मागे लावलेले रुंद नसराळे फक्त घासकागद चालवतानाची बारीक धूळ बऱ्यापैकी ओढते, कातताना उडणाऱ्या ढलप्या जमिनीवरच पडतात. पडू द्याव्यात.

आगीचा विचार जुन्या सागवानाबाबत विशेष करायला हवा. पाडलेल्या वाड्यांचे वासे आणि तुळया हौशी मंडळी आवडीने आणतात. त्यांत राहून गेलेला खिळा नळातून जाऊन ब्लोअरच्या पोलादी पात्यावर आदळला, तर ठिणगी भुशातच पडते. लाकडाच्या धुळीचे स्फोटही झाले आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली दोन आरागिरण्यांत मिळून चार जण दगावले. इंग्लंडमधील बॉस्ली येथे २०१५ मध्ये लाकडाचे पीठ करणाऱ्या गिरणीत चार जण. ते कारखाने होते, तितकी धूळ घरात साचत नाही. घरी धोका धुमसत राहून रात्री पेटणाऱ्या पिंपाचा आहे. भुशाचे पिंप पत्र्याचे असावे आणि रोज रिकामे व्हावे. अळशीच्या तेलाच्या चिंध्या त्यात कधीही टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात.

बसवलेली यंत्रणा काम करते की नाही, हे पाहायचे तर खोलीत अंधार करावा आणि यंत्र चालू असताना विजेरीचा झोत पात्याच्या पलीकडून आपल्या दिशेने सोडावा. निसटणारी धूळ त्या झोतात स्पष्ट दिसते. हवेतील बारीक कण मोजणारी छोटी उपकरणे आता मिळतात. त्यांचा आकडा अचूक नसला, तरी यंत्रणा लावण्याआधीचा आणि नंतरचा फरक ती चांगला दाखवतात. झोतात धूळ दिसत राहिली, तर एन-९५ मास्क लावावा आणि काम थांबल्यावरही ब्लोअर काही वेळ चालू ठेवावा.

पावसाळ्यात दमट भुसा नळात चिकटतो आणि गाळणी लवकर कोंदते, म्हणून जूनपूर्वी नळ उघडून झटकणे आणि बाहेरच्या तोंडावर पागोळ्यांचे पाणी शिरणार नाही असे टोपण बसवणे आले. गोळा झालेला साध्या लाकडाचा भुसा न्हाणीच्या चुलीत किंवा बंबात थोडा थोडा जाळता येतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा मात्र वेगळ्या गोणीत भरून कचऱ्यात द्यावा. तो चुलीत घालू नये, आणि कोंबड्यांखाली अंथरायलाही देऊ नये.