मधुमेह आणि पायांची बधिरता

वेदना कोणासही प्रिय नसते. परंतु ती शरीराचा अखंड पहारा करीत असते, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. पायांत कांटा रुतला कीं आपण तत्काळ थांबतों, कांटा काढतों व जखम धुतों. हा पहारा उठला म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, तें उपेक्षिलेल्या मधुमेहांत दिसून येतें.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु क्षीण होत जातात. दृष्टि मंदावते, मूत्रपिंडें निकामी होतात, हृदयविकार बळावतो. ज्ञानतंतूंची हानि बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होते. कारण तेथवर पोंचणारे तंतु सर्वांत लांब. प्रथम मुंग्या व दाह, पुढें बधिरता. चरकसंहितेंतही प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची बधिरता व दाह हीं दोन्ही सांगितलीं आहेत.

आमच्या कुरखेडा भागांत मुख्य पीक धानाचें. रोवणीच्या दिवसांत बांधींतील चिखलांत अनवाणीच उभें राहावें लागतें. ज्यांचा शेतीशीं संबंध नाहीं, त्यांसही देवघरांत व देवळांत पादत्राण वर्ज्य. महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या यात्रेंत उन्हानें तापलेल्या दगडांवर बधिर पाय भाजला, तरी कळत नाहीं. रक्तपुरवठा मंदावलेला व साखर वाढलेली, त्यामुळें जंतूंचें फावतें. व्रण हाडापर्यंत जातो आणि शेवटीं पाय कापण्याचा प्रसंग येतो. “दुखत तर नाहीं, मग डॉक्टरांकडे कशाला?” हा प्रश्नच येथें घातक ठरतो.

तथापि हताश होण्याचें कारण नाहीं. टोरोंटो येथें 1921 सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिनचा शोध लावला. पुढें गोळ्याही निघाल्या. साखर नीट ताब्यांत ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव सुमारें शेंकडा 25 नीं घटतात, असें 1998 सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील मोठ्या अभ्यासांत आढळलें. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचें सरासरी मान दाखविणारी रक्तपरीक्षा आतां सर्वत्र परिचित आहे. बहुतेक प्रौढांत तें मान शेंकडा 7 च्या आंत असावें.

औषधाइतकेंच महत्त्व घरच्या दक्षतेस आहे. वृद्धांस वांकून आपले तळवे पाहतां येत नाहींत. तें काम एकत्र कुटुंबांत सुनेनें वा नातवानें सहज करावें. रोज रात्रीं बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, फोड व लाली पाहावी. स्नानाचें पाणी दुसऱ्यानें आपल्या कोपरानें अजमावावें. बधिर पाय शेकूं नयेत. कुरूप घरीं कापूं नये. घरांत वावरण्यासाठीं निराळीं स्वच्छ पादत्राणें ठेवावींत व तीं घालण्यापूर्वीं झटकावींत. जखम दिसतांच, ती दुखो वा न दुखो, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. औषध चालू असतां उपवास धरणें झाल्यास डॉक्टरांस आधीं विचारावें.

वडिलांच्या पायांवर मस्तक ठेवण्याची चाल आपल्या घरांत आहेच. त्याच वेळीं ते पाय क्षणभर निरखून पाहिले, तर त्या नमस्कारांत सेवाही घडेल.