एका दगडाची दोन नावे

जबलपूरनजीक भेडाघाट येथे नर्मदेचे पात्र अरुंद होते आणि तिच्या दोन्ही तीरांवर शुभ्र खडकांचे सुमारे ३० मीटर उंचीचे कडे उभे राहतात. इंग्रजीत या स्थळास ‘मार्बल रॉक्स’ म्हणतात. मराठी प्रवासी त्यांना संगमरवरी खडक म्हणतो. पहिले नाव परके आणि दुसरे आपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ‘मार्बल’ आणि ‘संगमरवर’ हे शब्द एकाच कुळातील आहेत.

या कुळाचा मूळपुरुष ग्रीक भाषेतील ‘मार्मारोस’ हा शब्द होय. होमरच्या ‘इलियड’मध्ये योद्धे शत्रूवर जो खडबडीत धोंडा भिरकावतात, त्यासाठी हा शब्द योजिलेला आहे. पुढे ‘चकाकणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी त्याची सांगड घातली गेली आणि तो झिलई घेणाऱ्या दगडाचा वाचक बनला.

येथून त्याच्या दोन शाखा झाल्या. पश्चिमेकडे लॅटिनमध्ये ‘मार्मोर’ व जुन्या फ्रेंचमध्ये ‘मार्ब्र’ अशी रूपे झाली. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर हा फ्रेंच शब्द इंग्रजीत आला आणि अखेरच्या ‘र’चा ‘ल’ होऊन ‘मार्बल’ बनला. मुलांच्या खेळातील गोटीलाही इंग्रजीत हेच नाव मिळाले. पूर्वेकडे तो अरबी-फारसीत ‘मर्मर’ झाला आणि फारसीत त्यामागे दगड या अर्थाचा ‘संग’ जोडला गेला. तराजूच्या ‘पासंगा’तील ‘संग’ तोच. नद्यांच्या संगमाशी त्याचे काही नाते नाही.

‘मर्मर’ या शब्दात ‘म’ आणि ‘र’ लागोपाठ दोनदा येतात. अशी पुनरुक्ती जीभ टाळू पाहते. फ्रेंचने दुसऱ्या ‘म’चा ‘ब’ केला, मराठीने ‘व’. परस्परांची ओळख नसताना दोन भाषांनी एकाच जागी शब्दाला मुरड घातली.

सतराव्या शतकातील राज्यव्यवहारकोशापासून मराठीत परकीय शब्दांना पर्याय शोधण्याची परंपरा आहे. ‘मार्बल’ऐवजी ‘संगमरवर’ म्हणावे, हा आग्रहही रास्तच. परंतु त्याचे कारण शब्दाचे कूळ हे नव्हे. ‘संगमरवर’ आपला ठरतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने. ‘संगमरवरी दगड’ म्हणताना आपण दगड हाच अर्थ पुन्हा सांगत आहोत, याची जाणीवही बोलणाऱ्यास उरलेली नाही. शब्द भाषेत मुरल्याची याहून चांगली खूण कोणती?