आकडेमोड, संगणकीय (अभियांत्रिकीय)

अभियांत्रिकीय व गणितीय प्रश्नांतील राशी आणि सूत्रे संगणकावर मांडून उत्तरे काढण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. स्प्रेडशीट (आडव्या ओळी व उभे स्तंभ असलेला संगणकीय तक्ता) आणि आज्ञावली ही तिची दोन मुख्य साधने होत. पूर्वी अशी आकडेमोड सरकपट्टी व लॉगॅरिथम कोष्टके यांच्या साहाय्याने करीत. सूत्रलेखनास सोयीची फोर्ट्रान ही संगणकीय भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. वैयक्तिक संगणकावरील विसिकॅल्क हे पहिले स्प्रेडशीट १९७९ मध्ये, तर एक्सेल १९८५ मध्ये प्रचारात आले.

कार्यपद्धती : तक्त्याच्या घरात संख्या किंवा सूत्र असते. एक संख्या बदलताच तिच्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे बदलतात. उदा., बंधाऱ्याच्या रुंद माथ्यावरून मुक्तपणे वाहणारा प्रवाह (घ. मी./से.) काढण्यासाठी माथ्याची लांबी (मी.) व माथ्यावरील पाण्याच्या उंचीचा (मी.) १·५ वा घात यांच्या गुणाकारास सु. १·७ ने गुणतात. लांबी ५० मी. व उंची १ मी. असता प्रवाह ८५ घ. मी./से. येतो, उंची २ मी. केल्यास तो सु. २४० होतो.

एकच कृती अनेकदा करावयाची असल्यास आज्ञावली अधिक सोयीची ठरते. जलाशयातील साठा काढताना दर तासाला आलेल्या पाण्यातून गेलेले पाणी वजा करून फरक आधीच्या साठ्यात मिळवितात. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार उघडतात. प्रत्येकातून १,४२८ घ. फूट/से. याप्रमाणे सातांतून ९,९९६ घ. फूट/से. (सु. २८३ घ. मी./से.) पाणी बाहेर पडते. किती दरवाजे उघडे आहेत, हे आज्ञावलीला प्रत्येक टप्प्यावर पुन्हा ठरवावे लागते.

मर्यादा : सूत्र परिस्थितीला लागू आहे की नाही, हे संगणक आपणहून तपासत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढलेले असतात व पाणी खांबांमधील गाळ्यांतून वाहते. पुरात खालच्या बाजूचे पाणी चढून बंधारा बुडाल्यास मुक्त प्रवाहाचे वरील सूत्र प्रत्यक्षाहून जास्त प्रवाह दाखविते. तक्त्यातील उत्तर मात्र तितकेच नेटके दिसते. एककांची गल्लतही अशीच लपून राहते, कारण पातळी फुटांत, विसर्ग घ. फूट/से. मध्ये व सूत्र मीटरमध्ये असू शकते. कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट मानतात. या दोहोंत अवघ्या ४ फुटांचे (सु. १·२ मी.) अंतर आहे. २०१९ व २०२१ मधील महापुरांत नदीने धोका पातळी ओलांडली होती. लोकांना वेळीच हलविण्याचा निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असल्याने प्रत्येक स्तंभावर एकक लिहिणे, एखादे उत्तर हाताने पडताळणे आणि काढलेली पातळी मोजपट्टीवरील नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक असते.