आधी पायाला चेंडू लागू द्या

नाशिक हे धावपटूंचं शहर. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवने 2017 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं. या परंपरेचा अभिमान वाटायलाच हवा. पण तिच्यातली एक समजूत मुलांच्या फुटबॉलमध्येही शिरली आहे, आणि ती मुलांचं नुकसान करते: आधी दमसास वाढवा, चेंडूचं नंतर बघू. आठ-नऊ वर्षांची पोरं सकाळी मैदानावर येतात, सरांच्या शिट्टीवर राउंड मारतात, मग रांग लावतात. पाळी आली की गोलवर एक किक, की पुन्हा रांगेच्या शेपटाला. पालकांनी एकदा कडेला उभं राहून मोजावं, तासाभरात आपल्या मुलाच्या पायाला चेंडू नेमका किती वेळा लागला.

वयात येण्याआधी नुसत्या लांब पळण्याने मुलांचा दमसास मोठ्यांच्या तुलनेत कमीच वाढतो. याउलट तोल सांभाळणं, झटकन वळणं, दोन्ही पायांनी चेंडू खेळवणं हे साधारण सहा ते बारा या वयात फार लवकर अंगवळणी पडतं. चार विरुद्ध चार असा छोट्या जागेतला सामना लावला, तर मुलं आपणहून भरपूर पळतात आणि चेंडूही सतत पायाशी येतो. म्हणून राउंड ही त्या वयाची गरज नाही. शिक्षा म्हणून तर ते मुळीच मारायला लावू नयेत, पळण्याचाच तिटकारा येतो.

‘खरा फुटबॉल अकरा जणांचा, मग लहानपणापासून तोच खेळू दे’ असंही अनेकांना वाटतं. जरा गोल बघा. मोठ्यांचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. नऊ वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर तीस सेंटिमीटर. ते हात वर करून जीव खाऊन उडालं, तरी वरच्या दांडीला त्याची बोटं लागत नाहीत. त्यामुळे गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू उंच उडवला की गोल, हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळतं. मग अंगाने थोराड मुलगा किका मारत सुटतो, आणि डोकं वापरून पास देणारा चणीने लहान मुलगा बाकावर बसतो. आपण चुकीच्या मैदानावर चुकीचा खेळ शिकवतो आणि वर त्यातूनच निवड करतो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. इंग्लंडमध्ये अनेक वर्षं सात-आठ वर्षांखालच्या मुलांना पाच-पाच जणांचा, दहापर्यंत सात-सात, बारापर्यंत नऊ-नऊ आणि त्यानंतर अकरा जणांचा सामना अशी चढती भाजणी राहिली आहे. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी छोट्या संघांची बेबी लीग आणली.

चेंडूचंही तसंच. ‘पुढेही चालेल’ म्हणून पाच नंबरचा घेतला जातो. त्याचं वजन 410 ते 450 ग्रॅम. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, साधारण बारापर्यंत चार नंबर, हे प्रमाण ठीक. जड चेंडूला लहान पाय नीट मारू शकत नाही, मग मूल अंगठ्याच्या टोकाने ढोसायला शिकतं आणि ती सवय मोडता मोडत नाही. हेडिंगची घाई तर नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, आणि इंग्लंडने 2020 पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून ते काढलं.

‘व्यायामाने उंची खुंटते’ या भीतीला आधार नाही. स्वतःच्या वजनाचे व्यायाम, उड्या, तोल साधणं, नीट देखरेखीखाली हलकी वजनं, यांनी वाढ थांबत नाही, उलट दुखापती कमी होतात. फिफाने सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचा ‘11+ किड्स’ हा वॉर्मअप तयार केला. चार युरोपीय देशांत केलेल्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती जवळपास निम्म्याने कमी दिसल्या. त्याला जिम लागत नाही, पैसाही लागत नाही.

दुखण्याकडे मात्र काणाडोळा नको. मुलगा गुडघ्याखाली बोट ठेवून ‘इथंच दुखतं’ म्हणतो, तिथे टेंगूळ आल्यासारखं हाताला लागतं, आणि घरचे म्हणतात, वाढीचं वय आहे, दुखणारच. वाढीच्या काळात हाडं भराभर लांबतात आणि हाडाला जिथे स्नायूबंध चिकटतो तिथली कूर्चा अजून मऊ असते. रोजच्या उड्या आणि किकांनी ती सतत ओढली जाते. टाचेतही असंच होतं, उन्हाळ्यात मैदान टणक झालं की जास्तच. अशा वेळी तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नये. काही आठवडे पळणं-उडणं कमी करावं आणि दुखणं राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. मुलींची झपाट्याने वाढ साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास होते. नेमक्या त्याच वेळी चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धांची तयारी जोरात असते.

एप्रिल-मेच्या शिबिरात ‘खेळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते’ म्हणून मुलांना तहानलेलं ठेवणं धोक्याचं आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाणी द्यायचं, नऊच्या आत सराव संपवायचा.

आणि ‘लहानपणापासून जिंकायची सवय हवी’ याचं काय? नॉर्वेची लोकसंख्या साधारण 55 लाख. एकट्या नाशिक जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 61 लाख होती. त्या देशात अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी लावत नाहीत, राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी तेरा वर्षांपर्यंत थांबतात. फुटबॉलपटू अर्लिंग हालांड तिथलाच, आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, 16 सुवर्णपदकंही त्यांचीच. मुलांवरचा दबाव काढल्याने जिद्द मरते, हे निदान तिथे तरी दिसत नाही.

जास्त सराव म्हणजे जास्त प्रगती, हा शेवटचा आणि सगळ्यात चिवट समज. क्रीडावैद्यकातला एक सोपा नियम असा: मुलाचं वय जितकं, आठवड्याला शिस्तीचा सराव जास्तीत जास्त तितके तास. नऊ वर्षांच्या मुलाला नऊ, त्यात शाळेचा संघ, अकादमी, रविवारचा सामना सगळं आलं. गल्लीतला मोकळा खेळ त्यात मोजू नये, तो हवा तेवढा होऊ द्यावा.

निवड करणाऱ्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. वयोगट जन्मसालावर ठरत असेल, तर जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर पडतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी शरीराच्या वाढीत तीन-चार वर्षांचाही फरक दिसू शकतो. यादीतून नाव खोडण्याआधी त्या मुलाच्या जन्मतारखेकडे एकदा बघा, आणि त्याला पुढच्या वर्षी पुन्हा चाचणीला बोलवा.